मैत्रिणीच्या लग्नाचा ड्रेस आणि आमची तीन महिन्यांची हातशिलाई

माझ्या ऑफिसातल्या मैत्रिणीने तिच्या लग्नाचा ड्रेस एका धर्मादाय दुकानातून ८० पौंडांना घेतला. हस्तिदंती सॅटिन, लांब बाह्या, गोल गळा, आणि त्यावर ना फूल, ना मणी. "तू भरतकाम करतेस ना, मदत करशील?" असं तिने विचारलं आणि मी लगेच हो म्हटलं. धास्ती नंतर बसली. सॅटिनवर सुई चुकीच्या जागी गेली की ते भोक दिसत राहतं.

मी राहते ते इंग्लंडमधलं नॉटिंगहॅम म्हणजे लेसचं शहर. जॉन लेव्हर्सने १८१३ मध्ये इथेच लेस विणायचं यंत्र तयार केलं आणि पुढे कितीतरी पिढ्यांची पोटं त्यावर भरली. मैत्रिणीची आजी एका लेस कारखान्यात तुटलेले धागे हाताने सांधायचं काम करायची. त्या आजीने लग्नात डोक्यावरून घेतलेल्या लेसच्या ओढणीचा, म्हणजे व्हेलचा, मोठा तुकडा घरात जपून ठेवलेला होता. तोच ड्रेसवर लावायचा होता. म्हणजे आधी कापायचा होता!

माझ्या हातून कात्री चालेना. त्या रात्री आईला व्हिडिओ कॉल केला. आई म्हणाली, "अगं, आजीच्या विरलेल्या पैठणीचे काठ तुझ्या परकराला लावले, तेव्हा आजीच सगळ्यांत जास्त खूश होती. पेटीत ठेवून काय होणार त्याचं?"

दुसऱ्या दिवशी आम्ही फुलाफुलाच्या कडेने लेस कापली. कापताना एका पानाशी जाळी थोडी दाट लागली. उजेडात धरून पाहिलं, तर तिथे कुणीतरी सुईने सांधलं होतं. मैत्रीण बराच वेळ ते पान हातात घेऊन बसली.

फुलं कुठे बसवायची हे ड्रेस टेबलावर पसरून कळत नाही. तो तिला घालायला लावून, आरशासमोर, फुलं टाचली. टाचण्या अशा ठिकाणी खोचल्या की भोक पडलंच तर लेसखाली झाकेल. सपाट कापडावर नेटकी दिसणारी वेल छातीच्या गोलाईवर तिरकी होते, म्हणून तीनदा सगळं काढून पुन्हा लावलं. गोंद मी लावूच दिला नाही. गोंद पुढे पिवळा पडतो. टाका उसवता तरी येतो.

लंडनच्या रॉयल स्कूल ऑफ नीडलवर्कच्या कारागिरांनी २०११ मध्ये केट मिडलटनच्या लग्नाच्या ड्रेसवर अशीच लेसची फुलं हाताने शिवली होती. ते दर अर्ध्या तासाने हात धुवायचे आणि दर तीन तासांनी सुई बदलायचे. हात धुण्याचा नियम आम्हीही पाळला. हस्तिदंती कापडावर बोटांचा घाम किती पटकन उमटतो, ते पहिल्याच रविवारी कळलं होतं.

फुलांच्या मधोमध बारीक मोती शिवले. इथे मला मुंडावळ्या करायची सवय कामी आली. दोऱ्याला मेण लावायचं, दुहेरी ओवायचा आणि दर तीन-चार मोत्यांनंतर मागून गाठ मारायची. एक दोरा तुटला तर सगळे मोती जमिनीवर सांडत नाहीत. गळ्यापाशी मात्र हात आवरला. मोत्यांचं वजन सॅटिनला खाली ओढतं आणि गळा लोंबायला लागतो. तिथे आतून ऑर्गेंझाची, म्हणजे पातळ पण कडक कापडाची, पट्टी लावली, तेव्हा कुठे मोत्यांची एक ओळ पेलली.

इथे नवरीच्या अंगावर काहीतरी जुनं, नवं, उसनं आणि निळं असावं अशी रीत आहे. निळं म्हणून घेराच्या आतल्या बाजूला निळ्या दोऱ्याने दोघांची आद्याक्षरं भरली.

आणि ते सांधलेलं पान? ते कुठे लावायचं हे तिनेच ठरवलं: डाव्या मनगटावर, बाहीच्या अगदी कडेला. लग्नात सही करताना तिने डाव्या हाताने कागद धरला, तेव्हा मी दुसऱ्या रांगेतून ते पान शोधत होते. दिसलं.