ईआरसीपीत हात बसतो म्हणजे नक्की काय होतंय

बेळगाव-खानापूरकडं पित्तनलिकेत खडा अडकून कावीळ झालेला पेशंट ईआरसीपीला (तोंडातून दुर्बीण घालून पित्तनलिकेतली अडचण काढायला) आला की नातेवाईक हमखास विचारतात, "ह्या डॉक्टरांनी असल्या किती केल्यात?" विचारावंच, पण नुसत्या आकड्यानं काय कळत नाही. मी एंडोस्कोपी रूममध्ये टेक्निशियन आहे, ईआरसीपीत गाईडवायर (नळीत सरकवायची बारीक तार) बऱ्याचदा माझ्या हातात असतीय, म्हणून लिहितेय.

साध्या गॅस्ट्रोस्कोपीत, म्हणजे जठराच्या तपासणीत, समोरचं दिसतंय, ईआरसीपीच्या स्कोपला (दुर्बिणीला) मात्र बाजूचं दिसतंय. त्यामुळं रोज गॅस्ट्रोस्कोपी करणारा माणूससुद्धा इथं नवशिक्या होतो, जठरातून ड्युओडेनममध्ये (लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागात) अंदाजानंच उतरायचं, मग स्कोप मागं ओढून सरळ केला की पॅपिला, म्हणजे पित्तनलिका आतड्यात उघडते तो उंचवटा, समोर येतो. त्या एवढ्याशा तोंडातून पित्तनलिकेत जायचं, ती वर साधारण अकराच्या काट्याच्या दिशेनं जाते, आणि पॅनक्रियाजची (स्वादुपिंडाची) नळी तिथंच शेजारी. शिकाऊ डॉक्टर उजव्या हातानं कॅथेटर (स्कोपमधून घातलेली बारीक नळी) ढकलत बसतो, खांदे वर चढलेले असतात, आणि खरं काम असतंय डाव्या अंगठ्याचं, स्कोपची चाकं आणि एलेव्हेटर (कॅथेटर वर उचलणारी पट्टी) सगळं तिथंच. आमचे सीनियर मागून हळूच म्हणतात, "निधान, निधान." कानडीत निधान म्हणजे सावकाश. मग खांदे खाली येतात आणि वायर सुळकन आत जाते. एक्स-रेवर ती लिव्हरकडं वर चालली तर बरोबर, मणका ओलांडून आडवी गेली तर पॅनक्रियाजमध्ये शिरली, लगेच मागं.

वेळ इथंच जपायचा असतोय. सारखं टोचलं की पॅपिला सुजतो आणि पॅनक्रियाटायटिसचा (स्वादुपिंड सुजण्याचा) धोका वाढतो. म्हणून युरोपातल्या गाईडलाईननं हद्द घालून दिलीय: पाचपेक्षा जास्त वेळा टोचणं, 5 मिनिटांपेक्षा जास्त वेळ किंवा पॅनक्रियाजमध्ये एकापेक्षा जास्त वेळा चुकून जाणं, ह्यातलं एक जरी झालं तरी केस अवघड धरायची. शिकाऊ असेल तर तिथं स्कोप सीनियरकडं द्यायचा. "अजून एकदाच बघतो सर" न म्हणता जो देतो, त्याचा हात पुढं चांगला बसतो, हे मी स्वतः बघितलंय. डायक्लोफेनॅक किंवा इंडोमेथॅसिनची 100 मिलीग्रॅमची सपोझिटरी (गुदद्वारातून द्यायची गोळी) दिली का हे विसरू नये, त्यानं हा धोका कमी होतो, कौशल्यात हेही आलं.

अमेरिकेत किमान 200 ईआरसीपी झाल्याशिवाय शिकाऊ डॉक्टरला तपासायलासुद्धा घेऊ नका असं सांगतात, म्हणजे 200 झाल्या म्हणून तयार झाला असं नव्हे, प्रत्येकाचा वेग वेगळा. पूर्वी न कापलेल्या पॅपिलात दहातल्या नऊ वेळा तरी हव्या त्या नळीत जाता यावं, ही कसोटी मला जास्त पटते.

नातेवाईकांनी आणखी एक विचारावं, "पॅपिला लागलाच नाही तर पुढं काय करणार?" प्रीकट करू (पॅपिलाला छोटा छेद देऊन वाट काढू), दोन-चार दिवसांनी परत बघू, नाहीतर मिरजेला-हुबळीला पाठवू, असं आधीच नीट सांगणारे डॉक्टर असतील तर सही करायला हरकत नाही.