सतरंजीचा कोपरा

लेक दहावीत गेली त्या मे महिन्यात सोलापूरचा पारा चाळिशी ओलांडून गेलेला. सुट्टीतल्या क्लासमध्ये वर्गसमीकरणं दोन आठवड्यांत उरकली होती. वही भरलेली, अक्षर सुरेख, पण गणित जरा फिरवून विचारलं की पोरगी गप्प. एका रात्री म्हणाली, "मम्मी, मला गणित येतच नाही गं." पोटात कालवलं माझ्या. मी बी.ए. झालेली, टॉवेलच्या कारखान्यात हिशेब लिहिते. बीजगणित सुटून वीस वर्षं झालेली. तरी ठरवलं, हिच्यासोबत आपणही बसायचं.

आधी नववीची बहुपदी काढली आणि दुखणं तिथंच सापडलं. (क्ष + ३)² चा विस्तार ती क्ष² + ९ असा करायची. मी तीनदा दुरुस्त करून दिलं, चौथ्यांदा तेच.

आमच्या गल्लीत माग आहेत. चादरीची नक्षी ज्या भोकाभोकांच्या पुठ्ठ्याच्या कार्डांवरून उतरते, त्यातली टाकून दिलेली मूठभर कार्डं शेजारच्या अण्णांकडून मागून आणली. त्यांच्या सारख्या पट्ट्या कापल्या: लांबी क्ष, रुंदी १. साडीच्या खोक्यातून क्ष बाजूचा मोठा चौरस काढला आणि एकेकाचे छोटे चौरस. पट्टीची लांबी रुंदीच्या नेमक्या पटीत येऊ द्यायची नाही, हे मात्र सांभाळलं. नाहीतर मुलं छोटे चौरस लावून क्ष किती ते मोजूनच टाकतात.

फरशीवर तिनं मोठा चौरस ठेवला, उजवीकडं तीन पट्ट्या, खाली तीन, कोपऱ्यात नऊ छोटे चौरस. बराच वेळ बघत बसली. "मी या सहा पट्ट्या सोडूनच देत होते की!" त्यानंतर ६क्ष कधी विसरली नाही.

अवयव पाडणंही असंच बसलं. क्ष² + ५क्ष + ६ चे तुकडे जुळवून आयत झाला, बाजू क्ष + २ आणि क्ष + ३. वजाबाकी आली की पुठ्ठे तोकडे पडतात, तेव्हा सरळ वहीकडं वळलो. या सगळ्यात मला एकच गोष्ट जड गेली, पेन्सिल तिच्या हातात राहू देणं. ती अडली की माझा हात आपोआप वहीकडं जायचा.

पुढची मोठी अडचण शून्याची. (क्ष − २)(क्ष − ३) = ६ दिलं, तर तिनं दोन्ही कंस सहाबरोबर मांडून ८ आणि ९ काढले. "आठ घालून बघ," म्हटलं. सहा गुणिले पाच, तीस आले. मग सहा येणाऱ्या जोड्या लिहायला लावल्या: १ आणि ६, २ आणि ३, अर्धा आणि १२... थांबेनात. शून्य यायचं तर दोघांपैकी एक शून्य असावाच लागतो, म्हणून आधी सगळं एका बाजूला आणायचं. क्ष² − ५क्ष = ० आलं आणि तिनं क्षनं भागून ५ हे एकच उत्तर लिहिलं. शून्य हेही मूळ होतं, भागताना तेच हरवलं. माझ्या मते ही चूक प्रत्येक मुलाकडून एकदा मुद्दाम होऊ द्यावी.

पूर्ण वर्ग पद्धतीसाठी गणित घरचंच केलं. सतरंजीची लांबी रुंदीपेक्षा ६ फूट जास्त, क्षेत्रफळ ४० चौरस फूट. क्ष² + ६क्ष = ४०. चौरस आणि त्याच्या एका बाजूला सहा पट्ट्या मांडल्या. त्यातल्या तीन उचलून तिनं खाली लावल्या, तर चौरस होता होता एक कोपरा मोकळा राहिला. "इथं नऊ पाहिजेत." नऊ घातले, तिकडं ४० चे ४९ झाले. (क्ष + ३)² = ४९. क्ष = ४ किंवा −१०. रुंदी उणे नसते, म्हणून ४.

वर्गसमीकरण सोडवायचं सूत्र तिला पाठ होतं, पण ते कुठून आलं ते मलाही माहीत नव्हतं. गल्लीतल्या निवृत्त सरांनी जुन्या काळातले गणिती श्रीधराचार्य यांची युक्ती सांगितली, जी भास्कराचार्यांनी ११५० च्या सुमारास आपल्या बीजगणितात नोंदवून ठेवली आहे. दोन्ही बाजूंना वर्गपदाच्या सहगुणकाच्या चौपटीनं गुणायचं आणि मध्यपदाच्या सहगुणकाचा वर्ग मिळवायचा. अपूर्णांकांची कटकट शेवटपर्यंत टळते.

लेकीनं २क्ष² + ३क्ष = ५ घेतलं. ८ नं गुणून १६क्ष² + २४क्ष = ४०. दोन्हीकडं ९ मिळवले. (४क्ष + ३)² = ४९. १ आणि −२.५ लिहून झालं, तरी ती वरच्या ओळीकडंच बघत होती. मग उठून पट्ट्यांचा डबा घेऊन आली.

"मम्मी, हा आपल्या सतरंजीचाच कोपरा आहे की गं!"