कॅपॅसिटर फुगत होते, कारण कोणी सांगेना – माझा अनुभव

जळगाव एमआयडीसीत चटईच्या युनिटला मी मेंटेनन्स बघतो. एक्स्ट्रुडरला (प्लास्टिक वितळवून बाहेर ढकलणारं मशीन) व्हीएफडी (मोटरचा वेग कमी-जास्त करणारे ड्राइव्ह) बसवले आणि त्यानंतर एपीएफसी पॅनलमधले (पॉवर फॅक्टर आपोआप सांभाळणारं पॅनल) कॅपॅसिटर एकामागून एक फुगायला लागले. बंद ठेवावे तर पॉवर फॅक्टर (घेतलेल्या विजेतला खऱ्या कामाला लागणारा वाटा) पडून बिल वाढतं, चालू ठेवावे तर दर महिन्याला एक जातो.

पॅनलवाल्याला फोन केला की एकच, "भाऊ, उन्हाळा आहे, गरमीने होतं." मे मधे इथे पारा 44-45 ला जातो ते मलाही माहीत आहे भो, पण आमचे कॅपॅसिटर डिसेंबरातही फुगले ना! मग म्हणे व्होल्टेज जास्त असेल. मोजलं तर 415. अ‍ॅनलायझर लावून हार्मोनिक्स (50 हर्ट्झच्या पटीतले जादा करंट) बघा म्हणून मागे लागलो तर पुढच्या आठवड्यात, पुढच्या आठवड्यात करत दोन महिने घालवले आणि आला तो नेमका सुट्टीच्या दिवशी, सगळ्या मशिनी बंद. व्हीएफडीच चालू नाही तर हार्मोनिक्स दिसणार कुठून? कागदावर "सर्व ठीक" लिहून गेला. अजून राग येतो.

शेवटी मीच मोजायला लागलो. 25 केव्हीएआर (कॅपॅसिटरची क्षमता), 440 व्होल्टचा कॅपॅसिटर म्हणजे साधारण 33 अँपिअर, आणि तो 1.3 पटीपर्यंत म्हणजे 43 पर्यंत सहन करतो. आमच्या साध्या टोंग टेस्टरवर (वायरभोवती अडकवायचा करंट मीटर) 39 यायचे म्हणून इतके दिवस शंकाच आली नाही. शेजारच्या युनिटमधून ट्रू आरएमएसवाला (वेव्ह कशीही असो, खरा करंट दाखवणारा) आणला, 46! साधा मीटर साइन वेव्ह धरून चालतो, त्यामुळे असा करंट कमी दाखवतो. हे आधी केलं असतं तर सहा महिने वाचले असते.

व्हीएफडीचा रेक्टिफायर (एसीचं डीसी करणारा भाग) करंट तुकड्यातुकड्यात ओढतो, त्यातून 5 वा आणि 7 वा हार्मोनिक म्हणजे 250 आणि 350 हर्ट्झ तयार होतात, आणि फ्रिक्वेन्सी जास्त तितका कॅपॅसिटर जास्त करंट घेतो, वरून ट्रान्सफॉर्मरसोबत रेझोनन्स (फ्रिक्वेन्सी जुळून करंट आणखी वाढणं) झाला तर विचारूच नका.

मग 7 टक्के डिट्यून्ड रिअ‍ॅक्टर लावले (कॅपॅसिटरला जोडून हार्मोनिक्स अडवणारी कॉइल; ट्यूनिंग 189 हर्ट्झवर, 250 च्या खाली), सोबत 525 व्होल्टचे कॅपॅसिटर, कारण रिअ‍ॅक्टरमुळे कॅपॅसिटरवरचं व्होल्टेज वाढतं, जुने 440 वाले ठेवू नका. व्हीएफडींना 3 टक्के लाइन चोक (सप्लायच्या बाजूची कॉइल). वर्ष झालं, एकही फुगला नाही, मला तर फार समाधान वाटतं.

आणि हो, रिअ‍ॅक्टर चांगलेच तापतात, पॅनलला पंखे लावा. मोजणी फुल लोडवरच करून घ्या, एकदा कॅपॅसिटर चालू ठेवून, एकदा बंद करून, आणि तेव्हा स्वतः तिथे उभे रहा.