फ्लूची लस दरवर्षी का?

पावसाळा सुरू झाला की कोथरूडमधल्या आमच्या मेडिकलच्या काउंटरवर एक वाक्य रोज ऐकू येतं, “व्हायरल आहे हो, एखादं अँटिबायोटिक द्या.” चिठ्ठी नसते, त्यामुळे मी देत नाही. अँटिबायोटिक जिवाणूंवर चालतं आणि फ्लू विषाणूमुळे होतो. हे समजावताना मागे रांग वाढते, तरी मी सांगतोच.

पुणेकरांनी तरी फ्लूला साधा ताप म्हणू नये असं मला मनापासून वाटतं. 3 ऑगस्ट 2009 ला स्वाइन फ्लूने देशातला पहिला बळी घेतला तो याच शहरात, 14 वर्षांच्या शाळकरी मुलीचा. नंतर नायडू हॉस्पिटलबाहेर तपासणीसाठी लागलेल्या रांगा, बंद पडलेल्या शाळा, मास्क मिळेना म्हणून तोंडाला बांधलेले रुमाल… आमच्या दुकानात तर फोन खाली ठेवायची सोय नव्हती.

स्वाइन फ्लूचा तो विषाणू, एच1एन1, कुठे गेलेला नाही. एच3एन2 आणि बी प्रकाराच्या जोडीने तो आता दरवर्षीच्या फ्लूमध्येच असतो. जगभरात फ्लूमुळे होणाऱ्या श्वसनविकारांनी वर्षाला 2.9 ते 6.5 लाख माणसं दगावतात, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे.

“गेल्या वर्षी घेतली की लस, आता परत कशाला?” असं काका लोक विचारतात. या विषाणूच्या अंगावरची प्रथिनं सारखी थोडीथोडी बदलत राहतात, त्यामुळे जुनी प्रतिकारशक्ती त्याला नीट ओळखत नाही. शिवाय ती काही महिन्यांत उतरतेही. म्हणून लशीत कोणते प्रकार घ्यायचे हे संघटना वर्षातून दोनदा, फेब्रुवारीत आणि सप्टेंबरमध्ये, नव्याने सुचवते.

लस फ्रीजमध्ये 2 ते 8 अंशांत ठेवावी लागते. गोठली तर ती वाया गेली, म्हणून दिवसातून दोनदा थर्मामीटर बघतो. गिऱ्हाइकाला देताना डबी आइसपॅकला थेट टेकू नये म्हणून मध्ये कागदाची घडी घालतो.

राष्ट्रीय लसीकरण कार्यक्रमात ही लस नाही, बहुतेकांना खिशातूनच घ्यावी लागते, आणि हे मला खटकतं. निदान वयस्कर माणसं, गरोदर बायका, दमा किंवा शुगर असलेले, यांच्यासाठी तरी ती सगळीकडे सहज मिळायला हवी.

घरातलं कोणी वारीला जाणार असेल तर मे महिन्यातच डॉक्टरांना विचारून घ्या. लस घेतल्यावर प्रतिकारशक्ती तयार व्हायला साधारण दोन आठवडे लागतात.