एकला सोळा मिनिटं कमी

नायगारा एका ओळीत आटोपते. लांब आहे, गर्दी आहे, भिजायला होतं. फोटो ओंकारकडे आहेत. ओंकार म्हणजे माझा भाचा, धाकट्या भावाचा मुलगा, अमेरिकेत ओहायो राज्यातल्या कोलंबसला नोकरी करतो. मे महिन्यात त्याच्याकडे तीन आठवडे राहून आले. आल्यापासून जो तो विचारतोय, काय काय पाहिलंस? आणि माझ्या डोक्यात अजून ते ३५ डॉलरच फिरतायत.

कोलंबसहून गाडीने पाऊण तासावर स्प्रिंगफील्ड नावाचं गाव आहे. (लिंकनचं स्प्रिंगफील्ड इलिनॉयमध्ये, हे ओहायोतलं.) तिथल्या जत्रेच्या मैदानावर जुन्या वस्तूंचा बाजार भरतो आणि मे-सप्टेंबरात तो चांगलाच फुगतो. पुण्याच्या जुन्या बाजारात मी चाळीस वर्षं घासाघीस केलेली बाई. म्हटलं, हे काय मोठं! आदल्या रात्री पाऊस झाला होता. "आत्या, बूट घाल," असं ओंकारने दोनदा सांगितलं होतं. मी सँडल घातले. पहिल्या दहा मिनिटांत उजवा पाय घोट्यापर्यंत चिखलात. त्या एवढ्या मोठ्या मैदानात टेकायला म्हणून एक बाकडं नाही. विकायला मात्र खुर्च्या शेकड्याने, पण त्यांवर बसलं की मालक लगेच किंमत सांगायला येतो.

मला तिथे हवे होते बिल्ले. निवडणुकीचे बिल्ले, पत्रकं, फलक, जे काही छापलेलं असेल ते. यामागे जुनं दुखणं आहे. कराडला आमच्या दादांचा, म्हणजे वडिलांचा, छापखाना होता. एक ट्रेडल (छपाईचं यंत्र), खिळ्यांच्या, म्हणजे छपाईच्या शिशाच्या अक्षरांच्या, आठ-दहा पेट्या, ती अक्षरं जुळवणारे दोन जुळारी. निवडणूक लागली की घरात जेवायच्या वेळा बिघडायच्या. ७७ साली मी शाळेत होते. उमेदवारांच्या जीपमधून पोरांच्या अंगावर बिल्ले फेकायचे आणि आम्ही ते वेचायचो. पक्षाशी आमचं देणंघेणं नव्हतं. एका नांगरधाऱ्याला (जनता पक्षाची खूण) दोन गाय-वासरं (काँग्रेसची) असा आमच्या गल्लीतला भाव होता. दिवसभर 'ताई माई अक्का, विचार करा पक्का' म्हणत हिंडायचं आणि संध्याकाळी फ्रॉकला टाचण्यांची भोकं पडली म्हणून आईचा मार खायचा.

तर तिसऱ्या की चौथ्या रांगेत एका टेबलावर काचेच्या पेटीत मॅकिनलेचा बिल्ला दिसला. विल्यम मॅकिनले, ओहायोचाच माणूस, १८९६ साली राष्ट्राध्यक्षपदाला उभा राहिला आणि निवडून आला. अमेरिकेत सेल्युलॉइडचे, म्हणजे एका जुन्या प्लास्टिकचे, टाचणीवाले बिल्ले पहिल्यांदा धो धो वाटले गेले ते याच निवडणुकीत, एवढं मला ठाऊक होतं. विकणारी बाई गोड होती. दर वाक्याला 'हनी'. पन्नास म्हणाली, मी वीस म्हटलं, पस्तीसवर तुटलं. मी विजयी मुद्रेने ओंकारकडे पाहिलं. त्याने फोटो काढला. तो फोटो कृपा करून कुणी पुढे पाठवू नका.

पुढच्या रांगेत एक म्हातारा बसला होता. त्याच्याकडे नुसतं निवडणुकीचंच सामान. मी फुशारकीने माझा बिल्ला त्याच्या हातावर ठेवला. त्याने मॅकिनलेच्या तोंडाकडे बघितलंच नाही. आधी कड बघितली, मग पाठ, आणि भिंग माझ्या हातात दिलं. कडेवर एका जागी कुणीतरी खरवडलेलं होतं. पाठीमागे नुसता पत्रा.

मग त्याने त्याच्याकडचा एक अस्सल काढला. १८९६ चा बिल्ला म्हणजे तीन थर: पत्र्याची वाटी, तिच्यावर छापील कागद, कागदावर पारदर्शक सेल्युलॉइड. उलटा केला की आतल्या पोकळीत आणखी एक इवलासा गोल कागद चिकटवलेला. त्यावर मुंगीएवढ्या अक्षरांत कारखान्याचं नाव, व्हाइटहेड अँड होग, न्यूअर्क, न्यू जर्सी, आणि पेटंटच्या तीन तारखा. शेवटची २१ जुलै १८९६. माझ्या बिल्ल्यावर चित्र थेट पत्र्यावर छापलेलं होतं. तसे बिल्ले यायला त्यानंतर वीसेक वर्षं जावी लागली. १९७२ मध्ये एका तेल कंपनीने जुन्या बिल्ल्यांच्या नकला काढल्या होत्या, त्यांच्या कडेवर 'ए-ओ-१९७२' असं बारीक छापलेलं असतं. लबाड लोक नेमकं तेवढंच खरवडतात. या नकलांचा इतका सुळसुळाट झाला की १९७३ साली अमेरिकेने कायदाच केला: निवडणुकीच्या जुन्या वस्तूची नक्कल बनवलीत तर ती कोणत्या वर्षी बनवली ते तिच्यावर न पुसेल असं घाला.

मला राग त्या 'हनी'चा आला नाही. बाजारात फसणारा फसतो. राग माझाच आला. कागदावरची छपाई आणि पत्र्यावरची छपाई यांतला फरक मला कळू नये? छापखान्याच्या पोटमाळ्यावर वाढले मी! दादा लग्नपत्रिका हातात आली की नवरा-नवरीची नावं वाचायच्या आधी ती उलटी करून छाप मागे किती उमटलाय ते बोटाने चाचपायचे. आणि मी ३५ डॉलर देऊन मॅकिनलेच्या भुवया बघत बसले.

म्हाताऱ्याच्या पेटीत एक घड्याळही होतं. म्हणजे घड्याळाची तबकडी छापलेला बिल्ला, नखाहून थोडा मोठा, काटे बारा वाजून चव्वेचाळीस मिनिटांवर. एकला सोळा मिनिटं कमी. मला काही उमगेना. ओंकार म्हणाला, "बंद पडलंय बहुतेक." पण तो मॅकिनलेविरुद्ध उभ्या राहिलेल्या विल्यम जेनिंग्ज ब्रायनचा बिल्ला होता. सोळास एक ही ब्रायनची घोषणा, म्हणजे सोळा भार चांदीला एक भार सोनं या भावाने चांदीची नाणी हवी तेवढी पाडू द्या. नाणं वाढलं की शेतमालाला भाव येईल आणि कर्जात बुडालेला शेतकरी वर येईल, असा त्यामागचा हिशेब. मॅकिनलेच्या बाजूने होतं सोनं. चलनासारखा रूक्ष विषय, आणि तो कुणीतरी एका तबकडीत बसवला! दादा असते तर त्या माणसाला चहा पाजला असता.

किंमत ६० डॉलर. आणि मी नको म्हटलं. एकदा पोळलं की माणूस ताकच काय, पाणीही फुंकून पितं. आज सांगते, या प्रवासातली चूक ते ३५ नव्हेत, हे न दिलेले ६० आहेत.

त्याऐवजी कागदांच्या खोक्यात हात घातला आणि तिथे तासभर रमले. ओंकार दोनदा कॉफी पिऊन आला. त्या खोक्यातून १८ डॉलरला जे मिळालं ते आत्ता माझ्यासमोर आहे: वीतभर लांब, चार बोटं रुंद, पिवळा पडलेला कागद. १८८८ ची रिपब्लिकन पक्षाची मतपत्रिका. हो, पक्षाची. तेव्हा ओहायोत मतपत्रिका सरकार छापत नसे. पक्षच आपापल्या नावांच्या याद्या छापायचे, कार्यकर्ते त्या मतदाराच्या हातात कोंबायचे आणि मतदार तीच पेटीत टाकायचा. तुमच्या हातात कुठला कागद आहे हे चावडीभर सगळ्यांना दिसणार. सरकारी छापील मतपत्रिका तिथे १८९१ पासून आली.

माझ्या कागदावर सर्वात वर राष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार बेंजामिन हॅरिसन, त्याखाली उपाध्यक्षपदाचा लिव्हाय मॉर्टन, मग राष्ट्राध्यक्ष निवडणारे ओहायोचे २३ निर्वाचक, आणि तळाकडे जिल्ह्यातली पदं. त्यातल्या एका नावावर गव्हाच्या दाण्याएवढ्या रुंदीची कागदाची पट्टी डकवलेली आहे, पट्टीवर दुसरंच नाव छापलंय. म्हातारा म्हणाला, हीच तर मजा. मतदाराला वरचे सगळे आपल्या पक्षाचे हवेत पण गावातला अमका नकोच, तर विरोधी पक्षवाले असल्या डिंकाच्या पट्ट्या छापून वाटायचे. जीभ लावा, चिकटवा. पट्टी थोडी तिरकी बसलीये आणि डावीकडचा कोपरा सुटलाय. खालच्या नावाचं पहिलं अक्षर डोकावतं. तो कोपरा पूर्ण उचलून बघायचा मोह मी अजून आवरलाय.

निघताना त्याने आणखी एक शिकवलं. पन्नास-साठ सालचं एक पत्रक दाखवलं आणि तळाशी बोट ठेवलं. तिथे ढेकणाएवढा एक शिक्का. हे लोक त्याला किडाच म्हणतात! छपाई कामगारांच्या संघटनेची ती खूण. पत्रक संघटनेच्या छापखान्यात छापलंय हे कामगार मतदाराला कळावं म्हणून उमेदवार ती आवर्जून घालून घेतात, अगदी आजही.

मला त्या किड्यापाशी थांबावं लागलं. आपल्याकडे पत्रकाच्या तळाशी मुद्रक आणि प्रकाशकाचं नाव-पत्ता असतो. लोकप्रतिनिधित्व कायद्याचं १२७-अ कलम. दादांना ते कलम पाठ होतं. उमेदवार कितीही मोठा असो, ती ओळ जुळवल्याशिवाय फर्मा ट्रेडलवर चढत नसे. प्रत्येक पत्रकाची एक प्रत ते तारेला टोचून ठेवायचे. तीस वर्षांची तार होती ती, आमदारकीपासून ग्रामपंचायतीपर्यंत. दादा गेल्यावर छापखाना रिकामा करायला मी आणि भाऊ, दोघांनाच दोन दिवस मिळाले. खिळे मोडीत गेले, शिसं म्हणून. आणि तार मी माझ्या हाताने रद्दीवाल्याच्या तराजूत टाकली. वजन आठवत नाही. पैसे आठवतात, त्यातून टेम्पोचं भाडंही निघालं नव्हतं.

हे मी ओंकारला परतीच्या रस्त्यावर सांगितलं. तो बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "आजोबांचं काहीच नाही आपल्याकडे?"

कँटनला गेलो ते दोन दिवसांनी. तिथे मॅकिनलेचं स्मारक आहे, चढायला १०८ पायऱ्या. मी प्रत्येक पायरीला नाव घेत चढले, ते भक्तीने नव्हे, गुडघ्यामुळे. हा माणूस प्रचाराला घराबाहेर पडलाच नाही. व्हरांड्यात उभा राहून भाषणं केली आणि साडेसात लाख लोक आगगाडीने त्याच्या दारात आले. तोवर पक्षाने २० कोटींवर पत्रकं छापली, जर्मन आणि स्वीडिशसुद्धा. मतदान झालं सुमारे १ कोटी ४० लाख. म्हणजे माणशी चौदा कागद! शेजारचं संग्रहालय नेटकं आहे, पण काचेआडचा बिल्ला उलटा करता येत नाही. चिखलातला बाजार बरा.

मॅरियन या गावाबद्दल मात्र सांगायलाच हवं. तिथे पुढे राष्ट्राध्यक्ष झालेल्या वॉरन हार्डिंगचं घर आहे. १९२० मध्ये तोही असाच व्हरांड्यातून लढला. सहा लाख लोकांनी तुडवून हिरवळीचा असा चुराडा केला की अंगणात खडी टाकावी लागली. ती निवडणूकच गमतीची. दोन्ही उमेदवार ओहायोचे आणि दोघंही वृत्तपत्रवाले: हार्डिंगचं 'मॅरियन स्टार', समोरच्या जेम्स कॉक्सचं डेटनचं दैनिक. कॉक्स सपशेल पडला. पण कॉक्स आणि त्याचा उपाध्यक्षपदाचा उमेदवार फ्रँकलिन रूझवेल्ट, पुढे राष्ट्राध्यक्ष झाला तोच, यांचे दोन चेहरे एकत्र असलेले बिल्ले इतके थोडे निघाले की आज एखादा लाख डॉलरच्या वरही जातो. हरलेल्याचा बिल्ला!

राष्ट्राध्यक्ष म्हणून हार्डिंगची कीर्ती काही बरी नाही. पण तो पोरवयात छापखान्यात उमेदवारी केलेला, स्वतः खिळे जुळवणारा माणूस. मजकूर बसवताना वापरायची पट्टी शुभशकुन म्हणून तो खिशात बाळगायचा. हे ऐकलं आणि मी त्याला माझ्यापुरतं माफ करून टाकलं. व्हरांड्याच्या पायरीवर थोडा वेळ बसले. या प्रवासात विनामूल्य बसायला मिळालेली ती पहिली जागा.

त्या रात्री ओंकारने घरी व्हिडिओ कॉल लावला. वहिनी भाजणी भाजत होती. बोलता बोलता ती ओट्यावरच्या कागदात बघून "धने किती ते दिसतच नाही बाई" असं पुटपुटली. तो कागद मला माहीत होता. आईच्या हातचं प्रमाण, आमच्या घरात सगळं पाठकोऱ्या कागदांवरच लिहिलं जायचं. गणितं, दुधाचा हिशेब, सगळं. छापखान्याचं घर, पाठकोऱ्यांना तोटा नव्हता.

"वहिनी, तो उलटा कर."

"भाजणी करपेल."

"कर गं आधी!"

तिने गॅस बारीक केला आणि कागद उलटा धरला. अर्ध्याहून जास्त तेलाने पारदर्शक झालेला. एका माणसाचा टोपीतला फोटो, चेहरा गेलेला. नावाच्या जागी डाग. कपबशीचं चित्र तेवढं ठसठशीत. वहिनीने चष्मा वर केला, कागद दिव्यापाशी नेला आणि तळाची ओळ वाचायला लागली, अडखळत, दादांच्या छापखान्याचं नाव, पेठ, कराड, प्रती २०००.

"ठेवू का मग?" ती म्हणाली. "का याचीही रद्दी?"