आजीचा डावा हात

मी डावखुरी. लहानपणी पंगतीत डाव्या हाताने जिलबी उचलली की आजीचा फटका बसायचाच, त्यामुळे आता जेवते उजव्याने आणि लिहिणं, भाजी चिरणं, दात घासणं सगळं डाव्याने. तर सध्या ऑनलाइन स्पॅनिश शिकतेय आणि परवा क्लासमध्ये शब्द आला 'दिएस्त्रो'. अर्थ दोन. उजव्या हाताचा, आणि कुशल. झालं! बुलफाइटमधल्या मॅटाडोरलाही दिएस्त्रोच म्हणतात.

मूळ लॅटिन 'देक्स्तेर', म्हणजे उजवा, आणि ते आपल्या 'दक्षिण'च्या भावकीतलं. संस्कृतात दक्षिण म्हणजे उजवा पण आणि निपुण पण. आणि मराठीत तरी काय, चांगला असेल तो दुसऱ्यापेक्षा उजवाच ठरतो ना.

डाव्याचं नशीब बघा. लॅटिनमध्ये डावा म्हणजे 'सिनिस्तेर', पुढे त्यालाच अशुभाचा वास लागला. इटालियनमध्ये डावी बाजू अजून 'सिनिस्त्रा'च, आणि इन्शुरन्सवाले अपघाताला 'सिनिस्त्रो' म्हणतात. फ्रेंचांनी जुना 'सेनेस्त्र' टाकून 'गोश' घेतला, तर थोड्या काळाने गोश म्हणजेच वेंधळा झाला :) उजवीकडे मात्र 'आद्र्वा' म्हणजे हुशार हाताचा, तो नसेल तर 'मालाद्र्वा', धांदरट. रोमानियनमध्ये 'स्तंगाच' म्हणजे डावखुरा आणि धांदरटही, एकाच शब्दात काम तमाम. म्हणजे शब्द बदलून काही होत नाही, नवीन शब्दालाही तोच डाग लागतो.

स्पॅनिश लोकांनी डाव्यासाठी शब्द थेट शेजारच्या बास्क भाषेतून उचलला, 'इस्किएर्दा'. बास्कमध्ये डावा म्हणजे 'एस्केर', आणि बास्क तर लॅटिनच्या घरातली भाषाच नाही. पण मला खरा आनंद झाला तो एका वाक्प्रचाराने: 'तेनेर मानो इस्किएर्दा', शब्दशः डावा हात असणं, आणि अर्थ काय तर नाजूक प्रसंग न दुखावता, गोड बोलून, युक्तीने निभावून नेता येणं.

बाईंनी यावर एक वाक्य करायला सांगितलं. मला एकदम आजीच आठवली, चार सुना एका स्वयंपाकघरात आणि कुणाला कधी कळलं नाही की आजी कुणाच्या बाजूने आहे. लिहिलं, माझ्या आजीला डावा हात फार होता.