किल्ल्यांची वही: ४१ पानं, त्यातलं एक वाया

मुलाच्या दिवाळीतल्या किल्ल्यांच्या वहीचा हिशेब आधी सांगते. एकूण ४१ पानं, ३३ पानांच्या प्रती तीन ठिकाणी ठेवून झाल्या, १२ छापली आणि एक वाया गेलं.

मुलाने २०१४पासून दर दिवाळीत अंगणात केलेल्या किल्ल्यांची ही डिजिटल स्क्रॅपबुक आहे. पान १२ बाय १२ इंच, ३०० डीपीआय (इंचाला ३०० ठिपके), म्हणजे ३६०० बाय ३६०० पिक्सेल. पोत्यावर थापलेला चिखल, उगवलेले हळीव, बुरुजापेक्षा उंच मावळे, सगळं वेगवेगळ्या लेयरवर, म्हणजे एकावर एक ठेवलेल्या पारदर्शक थरांवर. त्यामुळे एकेक पीएसडी (फोटोशॉपची लेयर जपणारी फाइल) ३००-४०० एमबीची होते.

वाया गेलेल्या पानाची गोष्ट अशी. मी लेयरसकट पीएसडीच फोटो छापणाऱ्या लॅबमध्ये घेऊन गेले. तिथल्या संगणकात माझा फॉन्ट नव्हता. फाइल उघडताना काहीतरी विचारणा आली, लॅबमधल्या पोराने ओके दाबलं, मी मान डोलावली. घरी आल्यावर लेक म्हणाला, ‘आई, हे काय लिहिलंयस?’ ‘किल्ला’मधली वेलांटी ‘क’च्या पलीकडे जाऊन बसली होती आणि जोडाक्षर फुटून ‘ल’चा पाय मोडका लटकत होता. फोटोशॉपच्या जुन्या आवृत्त्यांमध्ये देवनागरीला योग्य कंपोझर (अक्षरं जुळवणारी सेटिंग) निवडलेला नसला की असंच होतं, आणि दुसऱ्याच्या मशीनवर तो निवडलेला असेल याची खात्री काय? दुसऱ्या खेपेला काउंटरवरचे काका म्हणाले, ‘ताई, लेयर कशाला आणता, जेपेग द्या की.’ बरोबरच होतं त्यांचं. आता प्रत्येक पानाच्या दोन फाइली असतात: लेयरवाली घरात राहते, सगळे लेयर एकत्र करून सपाट केलेली जेपेग, एसआरजीबी या नेहमीच्या रंगपद्धतीतली, लॅबला जाते. आणि जेपेगमध्ये दुरुस्ती करायची नाही. दर वेळी सेव्ह करताना ती थोडी झिजते, म्हणून पीएसडीत बदल करून नवी काढते.

दुसरं, ऑर्डर देताना ‘करेक्शन नको’, म्हणजे लॅबने रंग बदलू नयेत, हे तोंडाने सांगा. एकदा सांगायला विसरले तर तांबडी माती चक्क केशरी होऊन आली. कडेला बारीक चौकट घेऊ नका, कापताना एक मिलिमीटर इकडेतिकडे झालं तरी डोळ्यात खुपते. अक्षरं कडेपासून अर्धा इंच आत. कागद लस्टर (कमी चकाकीचा) घेते, चकचकीत ग्लॉसी पावसाळ्यात प्लास्टिकच्या कव्हरला चिकटतो.

१२ बाय १२चा कागद आमच्या लॅबमध्ये मिळत नाही, १२ बाय १८चा मिळतो. आधी उरलेली पट्टी मी फेकून द्यायचे. मग लक्षात आलं की ती ६ बाय १२ आहे, म्हणजे ४ बाय ६चे तीन फोटो त्यात चपखल बसतात! आता प्रत्येक पानामागे तीन फोटो त्याच पैशात. शोध लहान, आनंद मोठा.

साठवणीचं थोडक्यात. पीटर क्रोग या छायाचित्रकाराने रूढ केलेला ३-२-१चा नियम पाळतेय: तीन प्रती, दोन प्रकारच्या माध्यमांवर, एक घराबाहेर. लॅपटॉप, हार्ड डिस्क आणि क्लाउड. पण क्लाउडचं फोल्डर लॅपटॉपशी सिंक केलेलं असेल, म्हणजे इकडचा बदल आपोआप तिकडेही होत असेल, तर तो बॅकअप समजू नका. आवराआवर करताना मी लॅपटॉपवरचं ‘जुनं’ फोल्डर उडवलं, तर तिकडचंही इमानेइतबारे उडालं. कचरापेटीत ३० दिवस राहतं, मला विसाव्या दिवशी कळलं म्हणून वाचले. आता महिन्यातून एकदा दुसऱ्या डिस्कवर प्रत काढते आणि ती डिस्क बहिणीकडे ठेवते. फाइलींची नावं साल आणि महिना, बस्स. ‘फायनल’, ‘फायनल नवीन’, ‘हेच घे’ हा प्रकार बंद.

राहिली आठ. सातांचे फॉन्ट तपासायचेत. आठवं २०१६चं, पहिला बुरूज न कोसळलेलं वर्ष. त्याची पीएसडी कुठेच नाही. बहिणीच्या व्हॉट्सॲपवर पाठवलेली प्रत तेवढी सापडली, १६०० पिक्सेलची. ३०० डीपीआयने छापली तर जेमतेम सव्वापाच इंच. १२ इंचांचं पान काही होणार नाही, पण सहा इंचांच्या त्या पट्टीत आरामात बसतं. पुढच्या ऑर्डरला तिथेच टाकलंय.